सगळ्यांनी मिळून दिलेली मुलाखत

परवापासून ओरल सुरू झाल्या. तोंडी परीक्षा असं वेळापत्रकात छापलेलं असतं, पण आमच्या कॉलेजात आजवर तो शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ओरलच म्हणायचं. आणि ओरलचा हंगाम उन्हासकट येतो. वर्कशॉपचे पत्रे सकाळी दहालाच तापतात, कूलंटचा आंबूस वास गरम होऊन व्हरांड्यापर्यंत येतो आणि पोरं भिंतीला पाठ लावून उभी असतात. वर्षभर न दिसलेली इस्त्री त्या दिवशी शर्टावर असते. आतून कुणी बाहेर पडलं की घोळका त्याच्यावर तुटून पडतो.

"काय इचारलं रं?"

"नाव इचारलं."

"आन् मग?"

"मग सर गप बसले, मीबी गप बसलो."

मी आत बसून हे सगळं ऐकते आणि चेहरा कडक ठेवते. शेजारी बाहेरगावचा परीक्षक असतो, एक्सटर्नल. कधी सोलापूरचा, कधी साताऱ्याचा. त्याला दुपारी भिगवणला नेऊन चिलापी खाऊ घालायची ही आमच्या विभागाची रीत. ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही, तरी कधी चुकलेली नाही. एक्सटर्नल शाकाहारी निघाला की विभागात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. मे महिन्यात उजनीचं पाणी मागं सरलेलं असतं, गाळाच्या जमिनीवर भेगा पडलेल्या असतात, पण हॉटेलातला मासा तसाच ताजा. एक्सटर्नल बोटं चाटत म्हणतो, "मॅडम, पोरं तशी बरी आहेत तुमची."

मी मेकॅनिकलला शिकवते. बाई आणि मेकॅनिकल म्हटलं की काही पालक आजही माझ्या मागं कुणी पुरुष सर उभे आहेत का ते बघतात. बघू देत. आमचं कॉलेज बारामती आणि इंदापूरच्या मधोमध, सणसरच्या अलीकडं. तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. खासगी, विनाअनुदानित, डिप्लोमाचं. शाळा संपली की पुण्याला न जाता इंजिनिअर होता येतं, असं सांगून आम्ही इथं पोरं आणतो, आणि खरंच त्यातली काही होतात.

या दिवसांत सगळे दमलेले असतात, पण हसत असतात. आंब्याच्या पेट्या स्टाफरूममध्ये येतात, जर्नलांचे गठ्ठे टेबलावरून घसरत असतात. बुद्धपौर्णिमा बहुतेक ओरलच्या धामधुमीतच येते, आई खीर करते आणि मी ती डब्यात घालून सगळ्यांना चाखवते. नवे सर-मॅडम सुट्टीत कोकणात जायचं की महाबळेश्वरला, याच्या गप्पा मारतात. मे महिन्यात माणूस सुट्टीचा विचार करू शकतो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. कारण पूर्वी ओरल संपली की आम्हाला सुट्टी लागत नसे. आम्हाला मोकळं करत.

हे नव्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आमच्या नेमणुका अकरा महिन्यांच्या असत. शेवटची ओरल संपली, मार्क भरून पाठवले, की रांगेत उभं राहून किल्ल्या परत करायच्या. प्रयोगशाळेची, कपाटाची, ड्रॉइंग हॉलची. ग्रंथालयाकडून येणं बाकी नाही असा शिक्का घ्यायचा आणि घरी जायचं. त्या दिवसापासून आम्ही कुणाचे कुणी नसायचो. सेवेत खंड पडला पाहिजे, सलग नोकरी दिसली तर उद्या हक्क सांगतील, म्हणून हा सगळा खटाटोप. मग जूनमध्ये वर्तमानपत्रात जाहिरात यायची आणि आम्ही आमच्याच जागेसाठी अर्ज करायचो. आमच्याच खुर्चीसाठी आम्ही मुलाखतीला जायचो, दर वर्षी.

आमच्या घरात पर्मनंट हा शब्द वडील हळू आवाजात उच्चारत. ते इंदापूरला पोस्टात होते. पर्मनंट झाल्याच्या दिवशी त्यांनी आईला बारामतीला नेऊन फोटो काढून घेतला होता, तो अजून भिंतीवर आहे. शिकलेल्या लेकीला दर उन्हाळ्यात घरी बसलेलं बघून त्यांचा जीव तुटायचा. "मग, ह्या वर्षी घेतील ना?" असं ते भाजी निवडता निवडता विचारायचे, जणू सहज. मी वैतागून म्हणायचे, "घेतील हो आप्पा." पण मला तरी कुठं माहीत असायचं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही सगळे व्हरांड्यात बसायचो. त्याच व्हरांड्यात, जिथं आमची पोरं ओरलला उभी राहतात. शिपाई दारातून ओरडायचा, "एकेकानं यायचं." आत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि कुणीतरी तिसरे. अध्यक्ष ऊसबागायतदार. माणूस वाईट नव्हता, पण कॉलेज आणि गुऱ्हाळ यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. ते दर वर्षी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "हं, सोताबद्दल सांगा." वर्षभर रोज ज्यांना नमस्कार घातला त्यांना स्वतःबद्दल काय सांगायचं? मी तरी घोकल्यासारखं सांगायचे. तात्या मात्र म्हणायचे, "मागल्या वर्षी सांगितलं त्यात फरक न्हाय, साहेब. केस तेवढं पांढरं झालं."

तात्या म्हणजे आमचे वर्कशॉपचे सर. निरवांगीचे. तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं, पण तात्या हे नाव त्यांना तिशीतच पडलं होतं. कॉलेजच्या इमारतीवर छप्पर नव्हतं तेव्हा ते इथं आले. पुण्याहून कुणी या माळावर यायला तयार नव्हतं. जो आला तो पहिल्या उन्हाळ्यात पळाला. तात्या राहिले. पहिलं लेथ मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं तेव्हा ते शेजारी उभं राहून त्याला हातानं धरून आले होते, असं सांगतात. पोराच्या हातात कानस द्यायची, पोलादाचा तुकडा शिकंज्यात अडकवायचा आणि म्हणायचं, "घास. सपाट झालं की मला हाक मार." सपाट कधी झालंय ते पोराला कळायचं नाही. तात्या बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून पोट हाय त्याला." पोरं रडकुंडीला यायची. तीच पोरं आता चाकणला, रांजणगावला कारखान्यांत आहेत.

माझ्या पहिल्या वर्षी मला वर्कशॉपमध्ये पाय ठेवायची भीती वाटायची. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण यंत्राचा आवाज सुरू झाला की मी दोन पावलं मागं सरायचे. तात्यांना ते दिसलं. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं, रिकाम्या वर्कशॉपमध्ये लेथ सुरू केलं आणि स्वतः बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. म्हणाले, "कुणी बघत न्हाय, मॅडम. चालवा." मी दिवसभर चालवत होते.

ज्या उन्हाळ्यात हे सगळं बदललं तोही असाच सुरू झाला होता. ओरल संपत आल्या होत्या आणि कॉम्प्युटरच्या रूपाली मॅडम रोज मधल्या सुट्टीत गप्प बसायला लागल्या. त्यांना दिवस गेलेले होते. जून म्हणजे आठवा महिना. अशा बाईला मुलाखतीत काय सांगतील हे आम्हाला आधीच्या दोन बायकांवरून ठाऊक होतं. "या वर्षी जागा नाही, मॅडम. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्या जागी दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं. रूपालीच्या नवऱ्याचं काम नुकतंच सुटलं होतं. ती एकदा म्हणाली, "पोट लपवता आलं असतं तर लपवलं असतं." आणि ती हसली. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही.

कुणीतरी म्हणालं, ओरल बंद पाडू. मार्कच भरायचे नाहीत. तात्या एकदम चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "पोरांच्या परीक्षेला हात लावायचा न्हाय. त्यांनी काय केलंय? भांडण आपलं अध्यक्षांशी हाय." मग म्हणाले, "मुलाखतीला जाऊ. पण एकेकानं न्हाय."

मुलाखतीचा दिवस आला. शिपायानं माझं नाव पुकारलं, "गायकवाड मॅडम, एकेकानं यायचं." मी उठले आणि माझ्याबरोबर अख्खा व्हरांडा उठला. शिपाई दारात आडवा झाला, मग तात्यांकडं बघून बाजूला झाला. आम्ही आत गेलो. मागचे लोक भिंतीपर्यंत, काही दारात. रूपालीला आम्ही ओढून एका खुर्चीवर बसवलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"ह्ये काय? मोर्चा हाय का?"

"मोर्चा न्हाय, साहेब. मुलाखत हाय. सगळ्यांची एकच," तात्या म्हणाले.

"खुर्च्या न्हाईत एवढ्या."

"उभं राहून शिकवायचीच सवय हाय आमाला."

अध्यक्षांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी, सवयीनंच असेल, विचारलं, "बरं. सांगा मग सोताबद्दल." आणि तात्यांनी सांगितलं. पण स्वतःबद्दल नाही. माझ्याकडं हात करून म्हणाले, ह्या मॅडम रोज इंदापूरवरून पहिल्या एस.टी.नं येतात, आजवर पहिला तास चुकलेला न्हाय. मग इलेक्ट्रिकलच्या सरांबद्दल, ते नापास पोरांना घरी बोलावून शिकवतात. मग रूपालीबद्दल. एकेकाबद्दल, खाली मान घालून, शांतपणे. आपल्याबद्दल इतकं चांगलं कुणाला दिसलेलं असेल हे आम्हाला माहीतच नव्हतं. माझ्या बाजूला उभे असलेले गणिताचे सर, जन्मात न रडलेला माणूस, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सगळ्यांचं झाल्यावर तात्या म्हणाले, "ह्यांना दर वर्षी घरी बसवून परत पारखून घ्यायचं कशाला, ते तेवढं तुमी आमाला सांगा."

अध्यक्ष काही विरघळले वगैरे नाहीत. ते हिशेबी होते. जून म्हणजे प्रवेशाचा महिना. आम्ही शिक्षकच गावोगाव हिंडून, दहावी झालेल्या पोरांच्या अंगणात बसून, बापाला पटवून प्रवेश आणायचो. लासुर्णे, बावडा, कळस, पार नीरा नरसिंगपूरपर्यंत. आम्ही हललो नाही तर वर्ग रिकामे राहणार हे त्यांना कळत होतं. दुपारी त्यांनी निरोप पाठवला, काय ते लिहून आणा.

मग आठवडाभर आम्ही वर्कशॉपमध्ये बसून करार लिहिला. तशी गंमतच होती. शिकलेली माणसं एकत्र बसली की एका स्वल्पविरामावर तास घालवतात. डबे एकमेकांत फिरायचे, कुणाच्या घरची मटकी, कुणाच्या घरचं पिठलं. खंड द्यायचा नाही. मुलाखती बंद. बाळंतपणाची रजा, आणि परत आल्यावर तीच जागा. कुणाला काढायचं झालं तर दोन्ही बाजूंच्या समितीपुढं बोलावून, कारण सांगून. एवढं झालं आणि आम्ही खूश होतो. तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण आम्ही मास्तर माणसं. आम्हाला पदव्यांचा फार अभिमान. आणि एक भीतीही होती. अध्यक्षांच्या साडूचा मुलगा डिप्लोमा अर्धवट सोडून घरी बसला होता आणि तो इथं शिकवायला येणार अशी कुजबुज होती. तसला कुणी आत आला तर आमच्यातलाच कुणीतरी बाहेर जाणार. म्हणून पाचवं कलम आम्ही आमच्याच डोक्यानं घातलं. करार फक्त शासनाच्या निकषांप्रमाणे पात्र असलेल्यांनाच लागू राहील, आणि अपात्र व्यक्तीला शिकवण्यावर ठेवता येणार नाही. ते कुणी सुचवलं हे आता कुणालाच आठवत नाही. विचारलं की सगळे दुसऱ्याकडं बघतात. सगळ्यांनी मान डोलावली एवढं मात्र नक्की. कागदावर उतरवलं तात्यांनी. ड्रॉइंगही शिकवणाऱ्या माणसाचं अक्षर, एकेक ओळ पट्टीनं आखल्यासारखी.

सह्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये झाल्या. तात्यांनी पहिली सही केली, ज्येष्ठ म्हणून. पेढे आले. रूपालीनं पेढा हातात धरला आणि तिला रडू कोसळलं.

नेमणुकीचे आदेश आठवड्यानं वाटले. पहिल्यांदाच त्यावर अकरा महिने लिहिलेलं नव्हतं. जो तो आपापलं पाकीट फोडून वाचत होता, त्यामुळं तात्यांच्या हातात पाकीट नाही हे कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. मला वाटलं कारकुनाचा गोंधळ असेल. मी तणतणत प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "मॅडम, यात संस्थेनं काही केलेलं नाही. पाचवं कलम तुमचंच आहे."

तात्यांची पदवी दुसऱ्या श्रेणीतली. शिकवायला पहिली श्रेणी लागते. माळावर कुणी येत नव्हतं तेव्हा कुणी श्रेणी विचारली नाही, आणि नंतर तात्या म्हणजे तात्याच होते. माणूस पात्र आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कुणाच्या मनातच आला नाही. वर्षानुवर्षं खंड देऊन का होईना ते परत घेतले जायचे. आता आम्हीच ते दार लावून घेतलं होतं.

मी तशीच अध्यक्षांकडं गेले, बरोबर गणिताचे सर. अध्यक्ष म्हणाले, "मी तात्याला ठेवायला तयार हाय की. काढा ते कलम. पण मग आमच्या पाव्हण्यालाबी घ्यावं लागंल. एकाला सूट दिली की दुसऱ्याला न्हाय कसं म्हणू?" त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं आणि त्याचाच संताप येत होता.

आम्ही पुन्हा वर्कशॉपमध्ये जमलो. मी म्हटलं, करार फाडून टाकू. सगळ्यांची एकच मुलाखत म्हणालो होतो ना, मग सगळ्यांचं एकच होऊ दे. रूपाली खुर्चीवरून अर्धवट उठून म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका." पण आपलं पाकीट तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. बाकी कुणी वर बघत नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात ते पाकीट होतं. तात्या कोपऱ्यात लेथ पुसत होते. कापड खाली ठेवून ते म्हणाले, "कलम राहू द्या. करार मोडला तर परत सगळे एकेकटे जाल आत. पुन्हा असं जमणार न्हाय."

"तात्याच म्हणतायत तर..." कुणीतरी म्हणालं.

तो "तर" मी विसरलेले नाही. त्यानंतर सगळे किती पटकन मोकळे झाले. पाणी पिऊन आले, एकमेकांशी वेळापत्रकाचं बोलू लागले. मी खूप भांडले, आवाज चढवला, आणि शेवटी तात्यांनीच मला गप्प केलं. "तुमचे आप्पा वाट बघत असतील, मॅडम. जावा घरी. सांगा त्यांना." मी एस.टी.त बसून इंदापूरपर्यंत रडत गेले. घरी गेल्यावर आप्पांनी तो आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "अगं, पोरगी कायम झाली."

संस्थेनं तात्यांना तासावर यायला सांगितलं होतं. वर्कशॉपचा मदतनीस म्हणून, घड्याळी तासाप्रमाणं. ते नाही म्हणाले. "तासावर न्हाय जमायचं. पोराला तुकडा सपाट करायला कधी तास लागतो, कधी आठवडा." करार लिहिण्यासाठी पुन्हा घेतलेल्या वर्कशॉपच्या किल्ल्या द्यायला ते आले तेव्हा शिपाई नेहमीच्या सवयीनं बोलून गेला, "या तात्या जूनमधी." जून सुरू होता.

दर वर्षी ओरल संपल्या की मी निरवांगीला जाऊन येते. तात्या आपल्या आणि भावाच्या वाट्याचा ऊस बघतात, गावातल्या लोकांच्या मोटारी, पाण्याचे पंप दुरुस्त करून देतात. घरात वहिनी, त्यांची बायको, मला बघितल्या बघितल्या अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात करतात. "त्या मेल्यानं माझ्या माणसाचं वाटोळं केलं." एवढ्या वर्षांत त्यांचं हे थांबलेलं नाही. मोठ्या मुलीचं लग्न ठरत होतं त्याच उन्हाळ्यात हे झालं, आणि पाहुण्यांनी मुलीच्या बापाला नोकरीवरून काढलंय म्हणून पाय मागं घेतला. मुलीचं पुढं दुसरीकडं चांगलं झालं, पण वहिनींच्या मनातलं ते गेलं नाही. तात्या ऐकून घेतात आणि मला विचारतात, "एक्सटर्नल कोण आला व्हता? चिलापी खाल्ली का त्यानं?"

करार दर तीन वर्षांनी नव्यानं होतो. यंदाही आहे. गेल्या सोमवारी त्यासाठी बैठक झाली. वर्कशॉपमध्ये नाही, आता सेमिनार हॉल आहे, एसी आहे. रूपालीचा मुलगा चौथीत गेला. ती विभागप्रमुख झाली आहे. मी म्हटलं, पाचव्या कलमात बदल करू. जुन्या, अनुभवी माणसाला सूट देता येईल असं एक वाक्य घालू. मला माहीत होतं की तात्यांचं वय आता नोकरीचं राहिलेलं नाही. तरी मला ते वाक्य तिथं हवं होतं. तुम्ही चुकीचे नव्हता, असं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एकदा तरी सांगायला हवं होतं.

"कुणासाठी मॅडम?" एका नव्या सरांनी विचारलं. चांगला मुलगा आहे, पीएच.डी. करतोय.

"तात्यांसाठी."

"कोण तात्या?"

हॉलमध्ये जुने चार-पाच जण होते. त्यांनी टेबलाकडं बघितलं. मग मी सांगितलं सगळं, जमेल तसं. नव्या सरांनी मनापासून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "वाईट वाटतं मॅडम. पण ते निकषात बसत नव्हते ना? सूट ठेवली तर ती उद्या कुणीही वापरेल." त्यांचंही खोटं नव्हतं. रूपाली म्हणाली, मी गायकवाड मॅडमबरोबर. बाकीचे हात वर झाले ते दुसऱ्या बाजूला. कलम आहे तसं राहिलं.

यंदा ओरल संपायची वाट न बघता मी कालच निरवांगीला गेले. कालव्याच्या फाट्याला पाणी सुटलं होतं, उसात गारवा होता आणि रस्त्यावर मात्र डांबर पाघळत होतं. तात्या लिंबाखाली बाजेवर बसून एक पंप खोलत होते. हात काळे. मी बैठकीचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "कशाला भांडलात? कलम बरोबरच हाय. मी बसलो न्हाय त्यात, एवढंच."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. "तात्या, ते तुम्हीच लिहिलंत ना? लिहिताना तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "लिहिताना न्हाय आलं. अक्षर नीट येतंय का तेच बघत व्हतो." मग म्हणाले, "सही करताना आलं."

"सही करताना?"

"व्हय. पेन टेकवलं आन् आलं ध्यानात."

"मग केलीत कशाला? थांबायचं ना तिथंच."

"कसं थांबू? समोर रूपाली मॅडम बसल्या व्हत्या, पोटावर हात ठिवून. तुमी सगळे माझ्या मागं उभं. मी पेन उचललं असतं तर अध्यक्षांनी सगळंच गुंडाळलं असतं. त्येला निमित्तच पायजे व्हतं." त्यांनी फडक्याला हात पुसले, तरी बोटं काळीच राहिली. "करून टाकली."

मागं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी चहाचं ताट घेऊन दाराशी आल्या होत्या. त्यांनी ते उंबऱ्यावरच ठेवलं होतं. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्या अध्यक्षांबद्दल काही बोलल्या नाहीत. तात्यांकडं बघत राहिल्या.

"मला सांगितलं न्हाई कधी," त्या म्हणाल्या.

तात्यांनी पाना उचलला, पंपाकडं बघितलं आणि परत खाली ठेवला. "काय सांगणार व्हतो तुला? पोरीचं लगीन मीच मोडलं म्हणून?"

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. ताटातला एक कप उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. दुसरा कप तिथंच राहिला. तात्यांनी तो मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही.